निरोगी डोळ्यावरची शस्त्रक्रिया : प्रस्तावना

शस्त्रवैद्य हाती शस्त्र घेतो तो बहुधा व्याधीच्या बंदोबस्तासाठी. सुजलेले आंत्रपुच्छ, मोडलेले हाड, पिकलेला मोतीबिंदू अशा कोणत्या तरी अनिष्टाचा निकाल लावल्यावाचून रोग्याची सुटका नाही अशी खात्री पटली, म्हणजे सजीव देहावर चाकू चालविण्याची जी मुभा वैद्यकाला मिळते, तिच्यावरच शस्त्रवैद्यकाची सारी इमारत उभी आहे. पुढील प्रकरणांतून ज्या शस्त्रक्रियेचा परिचय वाचकांना घडणार आहे तिला मात्र हा आधार नाही. तिच्यासाठी जो डोळा मेजावर येतो तो रोगी नसतो. नाकावर चष्मा चढविला की तो शेवटच्या ओळीतील बारीक अक्षरही बिनचूक वाचतो. इतकेच नव्हे, तर त्या डोळ्याची प्रकृती सर्वथा निर्दोष आहे अशी खातरजमा झाल्याखेरीज कोणताही शहाणा नेत्रवैद्य त्याला हात लावीत नाही, आणि तपासणीत यत्किंचित आजार आढळला तर आलेल्या माणसाला तो चष्म्यानिशी परत पाठवितो. रोग असेल तर नकार आणि रोग नसेल तरच होकार, असा उलटा कायदा जिच्या दप्तरी आहे, त्या लेसर नेत्रशस्त्रक्रियेचा विचार इतर शस्त्रक्रियांच्या मापाने करून चालत नाही, एवढे आरंभीच सांगितले पाहिजे.

ती करून घ्यावयास माणसे का येतात, हे आपल्या समाजात राहणाऱ्यास विस्ताराने सांगावयास नको. शाळेत ज्याला ‘ढापण्या’ म्हणून हाक मारली गेली त्याच्या मनात ती हाक कायमची घर करून राहते. लग्नाच्या बाजारात ‘मुलीला चष्मा आहे’ हे वाक्य अजूनही आवाज उतरवून उच्चारले जाते. पावसात दुचाकी हाकणाऱ्याची, मैदानात खेळणाऱ्याची, चुलीच्या वाफेसमोर उभ्या राहणाऱ्या बाईची अडचण तर उघडच आहे. गंभीर वृत्तीचे लोक या कारणांची चेष्टा करतात. मला ती कारणे चेष्टेची वाटत नाहीत. सकाळी उठल्याबरोबर उशाशी हात चाचपडत चष्मा शोधावा लागणे, आणि तो सापडेपर्यंत घरातील माणसांचे चेहरेही धुकटलेले दिसणे, ही परावलंबनाची अवस्था ज्याने भोगली आहे त्याला तिच्यातून मोकळे व्हावेसे वाटले तर त्यात गैर काही नाही. मात्र इच्छा रास्त असली म्हणजे तिची पूर्ती बिनधोक ठरते असे नाही, आणि म्हणून या विषयावर मराठीत सविस्तर लिहिले जाणे आवश्यक होते.

डोळ्याच्या दर्शनी भागी, बुबुळापुढे, घड्याळाच्या तबकडीवर काच बसवावी तसे जे पारदर्शक आवरण बसविलेले आहे, ते पारपटल; प्रस्तुत विषयाची सारी मामलत एवढ्याच मुलखात घडते. त्याचा व्यास 12 मिलिमीटरांहूनही थोडा कमी आणि मध्यभागी जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी नाही, कारण रक्तवाहिनी असती तर त्यातून आरपार दिसले नसते. त्याला लागणारा प्राणवायू अश्रूंच्या पातळ थरातून थेट बाहेरच्या हवेतून मिळतो. डोळ्याची प्रकाश वळविण्याची एकूण शक्ती, चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात त्या मापाने, सुमारे 60 डायॉप्टर मानली जाते, आणि तिच्यापैकी सुमारे 43 डायॉप्टरांचा भार हे चिमुकले आवरण एकटे उचलते. ज्या नेत्रभिंगाची ख्याती फार, त्याच्या वाट्याला उरलेला भाग येतो. सर्वसाधारण डोळ्याची पुढून मागे लांबी सुमारे 24 मिलिमीटर असते. ही लांबी अवघा एक मिलिमीटर वाढली, तर किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि माणसाला सुमारे उणे तीनचा नंबर लागतो. निसर्गाने इतक्या अल्प जागेत इतका काटेकोर हिशेब मांडला आहे की, तो बहुसंख्यांच्या बाबतीत जुळतो याचेच आश्चर्य वाटावे. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस चष्मे झाले. पण चष्म्याने दिसते ते का, याची बरोबर मीमांसा करणारा योहानेस केप्लरचा ग्रंथ 1604 साली, म्हणजे तीनशे वर्षांनी आला. मधल्या दहाबारा पिढ्या कारण न कळताच सुखाने वाचीत होत्या.

लांब झालेला डोळा आखूड करता येत नाही. तेव्हा दोष मागे असला तरी दुरुस्ती पुढे करावयाची, म्हणजे पारपटलाचा फुगीरपणा किंचित कमी करून किरण थोडे उशिरा एकत्र येतील अशी तजवीज करावयाची, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातच निघाली होती. तिचा पहिला मोठा प्रयोग जपानात झाला. टोकियोच्या जुन्तेंदो या वैद्यकसंस्थेतील त्सुतोमु सातो यांनी 1939 पासून पारपटलास आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंनी बारीक छेद देऊन ते सपाट करण्याची पद्धत अवलंबिली, आणि शेकडो डोळ्यांवर ती चालविली. आरंभी नंबर उतरले, रुग्ण संतुष्ट झाले, शल्यकाराची वाहवा झाली. परंतु पारपटलाच्या आतल्या अंगाला पेशींचा जो एकपदरी थर असतो तो आतील पाणी सतत उपसून पारपटलास स्वच्छ ठेवतो, आणि त्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उपजत नाहीत, हे ज्ञान त्या काळी कोणालाच नव्हते. सातोंचे छेद नेमके त्या थरावर पडले होते. उरलेल्या पेशींनी काही वर्षे काम रेटले. पुढे वीसेक वर्षांनी त्यांतील अनेकांची पारपटले सुजून दुधी झाली, आणि चष्मा टाळण्यासाठी गेलेल्यांना आंधळेपणाने गाठले. सातो प्रामाणिक होते, कुशलही होते. निरोगी डोळ्यावरच्या शस्त्रक्रियेचा न्यायनिवाडा पहिल्या वर्षाच्या समाधानावरून करता येत नाही, याची इतकी करुण साक्ष दुसरी नाही, आणि म्हणूनच प्रस्तुत ग्रंथात या प्रकरणाला दिलेली दहा पाने मला कमीच वाटली.

स्पेनमध्ये जन्मलेले आणि कोलंबियातील बोगोटा येथे स्थायिक झालेले होसे इग्नासिओ बाराकेर यांची रीत निराळी होती. पारपटलाची चकती कापून काढावी, ती गोठवून कठीण करावी, सूक्ष्म लेथवर घासून तिला हवा तो आकार द्यावा आणि पुन्हा जागच्या जागी बसवावी, असा हा उपक्रम त्यांनी 1949 साली प्रथम मांडला. यंत्रे बोजड होती आणि गोठविल्याने पेशींची हानी होई. पण पारपटलातून मोजून थोडा भाग वजा करून त्याची वक्रता बदलावी हे जे सूत्र त्यांनी घालून दिले, ते आजतागायत बदललेले नाही. सातोंच्या छेदांच्या परंपरेतून मात्र मॉस्कोचे स्व्यातोस्लाव फ्योदोरव पुढे आले. काच फुटून डोळ्यात गेलेल्या एका मुलाचा नंबर जखमा भरल्यावर उतरलेला दिसला आणि तेथून त्यांना स्फुरण मिळाले, अशी आख्यायिका सांगतात. काहीही असो, 1970 च्या दशकात त्यांनी चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बाहेरच्या बाजूने छेद देण्याची पद्धत इतकी वाढविली की, पुढे रुग्णांच्या खाटा सरकत्या पट्ट्यावरून एका शल्यकाराकडून दुसऱ्याकडे जाऊ लागल्या. अमेरिकेत याच पद्धतीची रीतसर पाहणी झाली तेव्हा दहा वर्षांनंतर, 1994 साली, असे आढळले की 43 टक्के डोळे एक डायॉप्टर किंवा अधिक मापाने दूरदृष्टितेकडे झुकत गेले होते. छेद दिलेले पारपटल स्थिर राहत नव्हते. बेक वेदर्स हा अमेरिकन डॉक्टर 1996 साली एव्हरेस्टच्या चढाईवर असताना विरळ हवेत त्याची अशी छेदलेली पारपटले बदलली आणि शिखराच्या वाटेवर त्याला दिसेनासे झाले. तो जगला, पण त्या मोहिमेचा वृत्तान्त वाचणारा कोणीही ते छेद विसरत नाही.

आता लेसरकडे वळू. त्याची जन्मकथा वैद्यकशाळेत घडलेली नाही, आणि तिच्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. मद्रासेत जन्मलेले, मद्रास विद्यापीठात शिकलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले रंगस्वामी श्रीनिवासन हे न्यूयॉर्कजवळील आयबीएम कंपनीच्या संशोधनकेंद्रात रसायनज्ञ होते. संगणकाच्या सुट्या भागांवर बारीक नक्षी कोरण्यासाठी अतिनील किरणांचा प्लास्टिकवर काय परिणाम होतो हा त्यांचा अभ्यासविषय. हाताशी 193 नॅनोमीटर लांबीची लहर सोडणारा एक्सायमर लेसर होता. हा किरण प्लास्टिक इतक्या स्वच्छपणे कोरतो, तर सजीव ऊतींवर तो काय करील, असा प्रश्न त्यांना आणि त्यांचे सहकारी जेम्स विन व सॅम्युएल ब्लम यांना पडला. 1981 च्या नोव्हेंबरात अमेरिकन लोकांचा आभारदिनाचा सण झाला. आदल्या दिवशीच्या मेजवानीतील टर्की पक्ष्याचे उरलेले तुकडे श्रीनिवासन यांनी 27 तारखेस घरून प्रयोगशाळेत आणले आणि लेसरखाली धरले. हिरव्या प्रकाशाच्या दुसऱ्या लेसरने जेथे मांस करपले, कडा काळवंडल्या, तेथे एक्सायमरने शेजारच्या कणालाही धक्का न लावता सरळ कडांची खाच पाडली. या किरणाच्या एकेका कणात इतकी ऊर्जा असते की तो रेणूंचे बंध थेट तोडतो; उष्णता पसरावयास वाव मिळण्याआधीच तुटलेले अंश उडून जातात. एका स्पंदनागणिक सुमारे पाव मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटराचा चार हजारावा भाग, एवढाच थर निघतो. मेजवानीच्या शिळ्या मांसातून पुढे लाखो लोकांचे चष्मे उतरावेत, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने लिहिला असता तर आपण त्यास ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल श्रीनिवासन यांना भेटले आणि दोघांनी मिळून हा किरण जनावरांच्या डोळ्यांच्या पारपटलावर चालवून पाहिला. त्यावरचा लेख 1983 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. अर्बुदामुळे पुढे काढूनच टाकावयाचा होता अशा एका पाहत्या मानवी डोळ्यावर न्यू ऑर्लिन्सच्या मार्गरिट मॅक्डॉनल्ड यांनी 1988 मध्ये तो चालविला. अमेरिकन सरकारच्या औषध-खात्याची मंजुरी 1995 साली मिळाली. ही पहिली पद्धत पीआरके. तिच्यात पारपटलावरील त्वचेचा पातळ पापुद्रा खरवडून काढतात आणि उघड्या पडलेल्या भागावर लेसर चालवितात. पापुद्रा चारपाच दिवसांत पुन्हा वाढतो, पण ते दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखे काढावे लागतात. हा त्रास वाचविण्यासाठी क्रीट बेटावरील इओआनिस पालिकारिस यांनी बाराकेरची चकती आणि नवा लेसर यांची सांगड घातली: पारपटलाचा वरचा थर एका बाजूस बिजागरीसारखा जोडलेला ठेवून उचलावा, खालच्या भागावर लेसर चालवावा आणि थर पुन्हा पांघरावा. हेच लेसिक. तिचे नाव आज इतके रूढ झाले आहे की रसवंतिगृहासमोरच्या भिंतीवरही त्याची जाहिरात दिसते.

हा थर पूर्वी पात्याने कापीत. आता तेथेही लेसर आला आहे. मिशिगन विद्यापीठात 1993 साली एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून अतिजलद लेसरचा किरण शिरला, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना त्या इजेचे व्रण विलक्षण नेटके, वर्तुळाकार दिसले. तेथून एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यांतील काहीशेच भाग टिकणाऱ्या स्पंदनांचा हा लेसर नेत्रशस्त्रात आला. ज्या तंत्राने अशी स्पंदने निर्माण होतात त्यासाठी त्याच प्रयोगशाळेचे जेरार मुरू यांस 2018 चे नोबेल पारितोषिक डोना स्ट्रिकलंड यांच्यासमवेत मिळाले. पुढे जर्मनीत वॉल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लूम यांनी याच लेसरने पारपटलाच्या पोटातच एक बहिर्वक्र चकती कोरून ती दोनचार मिलिमीटरांच्या फटीतून बाहेर काढण्याची स्माइल नावाची रीत बसविली. तिच्या जगातील आरंभीच्या अनुभवांत वडोदऱ्याच्या डॉ. रूपल शहा यांच्या कामाची गणना होते. या तीन रीतींत श्रेष्ठ कोणती, यावर जाहिरातींत फार शाई खर्च होते. माझ्या समजुतीप्रमाणे डोळा कोणता हे आधी ठरते, रीत मागाहून.

हिशेब मात्र सर्वांचा एकच. मनरलिन यांनी 1988 मध्ये मांडलेले सूत्र असे की, जेवढे डायॉप्टर घालवावयाचे त्यांना उपचारक्षेत्राच्या व्यासाच्या वर्गाने गुणावे आणि तिहींनी भागावे, म्हणजे किती मायक्रॉन खोल जावे लागेल ते निघते. सहा मिलिमीटर व्यासाला एका डायॉप्टरमागे बारा मायक्रॉन. समजा, एखाद्याचे पारपटल 520 मायक्रॉन जाड आहे, नंबर उणे पाच आहे आणि वरचा थर 110 मायक्रॉनांचा उचलावयाचा आहे. तर लेसर 60 मायक्रॉन घेतो आणि खाली 350 शिल्लक राहतात. किमान 250 शिल्लक असावेत असा जुना दंडक आहे, आणि सावध शल्यकार 300 खाली उतरत नाहीत. आता त्याच माणसाचा नंबर उणे दहा धरला तर 120 जातात, 290 उरतात. जुन्या दंडकाने तो उत्तीर्ण होतो, सावध दंडकाने नापास, आणि मूळ जाडीपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भागास धक्का लागू नये असे जे नवे परिमाण आहे त्याप्रमाणेही नापासच. बारावीच्या विद्यार्थ्यासही हा हिशेब पाठीमागच्या कोऱ्या पानावर करता येईल, आणि शस्त्रक्रियेस जाणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतः करून पाहावा असे मला वाटते. कारण वजाबाकीतून गेलेले मायक्रॉन परत जमा होत नाहीत.

प्रत्यक्ष क्रियेचे वर्णन ग्रंथकर्त्यांनी सहाव्या प्रकरणात केले आहे. ते वाचून अनेकांची भीती जाईल. खोली थंड आणि कोरडी. मुंबईसारख्या दमट हवेच्या शहरात ती तशी राखण्यावर विशेष कटाक्ष असतो, कारण पारपटलातील ओलावा कमीअधिक झाला की लेसरची कोर कमीअधिक पडते. डोळा बधिर करणारे थेंब, पापण्यांच्या केसांवर चिकटपट्टी, पापण्या उघड्या धरणारा तारेचा चिमटा. मग एक कडे डोळ्यावर टेकते, दाब वाढतो आणि क्षणभर सारे अंधारते. येथे घाबरून मान हलविणारेच अधिक. थर उचलला की समोरचा ठिपका पसरट, धुकट होतो. ‘हिरव्या दिव्याकडे बघत राहा, मान हलवू नका, झालंच,’ असे डॉक्टर सांगत असतात आणि टकटक असा जलद आवाज सुरू होतो. केस जळल्यासारखा वास येतो. जळत मात्र काहीच नसते, तो तुटून उडणाऱ्या रेणूंचा वास. डोळा थोडा हलला तरी यंत्र त्याच्यामागून सरकते, फार हलला तर थांबते. नंबर मध्यम असेल तर लेसरचा हा भाग अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. थर धुऊन, ब्रशाने सारखा करून बसविला जातो. संध्याकाळी डोळ्यांना पाणी आणि जळजळ, रात्री झोपेत चोळले जाऊ नये म्हणून प्लास्टिकचे कवच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी चष्म्याविना वाचता येते.

या अर्ध्या मिनिटापेक्षा त्याआधीची तपासणी महत्त्वाची, आणि वाचकाने सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते त्या प्रकरणाकडे. वय अठराच्या पुढे असावे, नंबर निदान वर्षभर स्थिर असावा, मऊ काँटॅक्ट लेन्स आठपंधरा दिवस आणि कठीण लेन्स त्याहून बरेच आधी बंद केलेल्या असाव्यात, गर्भारपण वा अंगावर दूध पाजण्याचा काळ नसावा. या अटी सर्वांना ठाऊक असतात. खरी पारख पारपटलाच्या नकाशात होते. काही तरुण माणसांचे पारपटल मुळात दुबळे असून पुढे शंकूसारखे फुगत जाणारे असते. बाहेरून काही दिसत नाही, फक्त तिरका नंबर वर्षागणिक बदलतो आणि डोळ्यांना खाज येऊन माणूस ते सतत चोळीत असतो. अशा पारपटलातून लेसरने आणखी काही काढले तर ते पुढे ढकलले जाते आणि दृष्टी जी वाकडी होते ती चष्म्याने सरळ होत नाही. नेत्रवैद्य थिओ झायलर यांनी 1998 साली या उपद्रवाकडे लक्ष वेधले, आणि जीवनसत्त्व ब-2 चे थेंब व अतिनील प्रकाश यांच्या योगे दुबळ्या पारपटलाचे तंतू बळकट करण्याचा जो इलाज 2003 मध्ये पुढे आला त्यातही तेच होते. आजच्या यंत्रांनी पारपटलाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा काही क्षणांत निघतो. नकाशा संशयास्पद निघाला आणि डॉक्टर नाही म्हणाले, तर दुसऱ्या ठिकाणी होय म्हणणारा शोधीत फिरण्याची आपल्याकडील हौस मला मोठी घातक वाटते. हजारो रुपये खिशात घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठविणारा वैद्य आपल्या धंद्याचे नुकसान करून त्या गिऱ्हाइकाचे हित पाहत असतो.

नंतरच्या तक्रारींविषयी ग्रंथात काही झाकून ठेवलेले नाही. पारपटलात मज्जातंतूंचे जाळे अतिशय दाट असते. थर उचलताना ते कापले जाते, आणि अश्रू केव्हा हवेत याची वर्दी मेंदूला देणारी वाट काही महिने मंदावते. म्हणून डोळा कोरडा पडतो. बहुतेकांचा पुढे सुधारतो, थोड्यांचा सुधारत नाही. रात्री दिव्याभोवती वलये दिसतात. अमेरिकेच्या औषध-खात्याने संरक्षण-खाते आणि राष्ट्रीय नेत्रसंस्था यांसह केलेली आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी असे दाखविते की, ज्यांना आधी असा कोणताही दृष्टिविषयक त्रास नव्हता त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिकांना तीन महिन्यांनंतर कोणता ना कोणता नवा त्रास जाणवत होता. त्यामुळे नेहमीच्या व्यवहारांत फार अडचण होणारे मात्र शेकडा एकाहूनही कमी होते, आणि बहुसंख्य एकंदरीत समाधानी होते. या दोन विधानांपैकी पहिले शस्त्रक्रियेचे विरोधक सांगतात, दुसरे शस्त्रक्रिया करणारे सांगतात. दोन्ही एकाच दप्तरातील आहेत.

माझ्या मते या सर्वांहून अधिक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. लेसर डोळ्याची दर्शनी बाजू बदलतो; मागची बदलीत नाही. उणे आठच्या माणसाचा डोळा सत्तावीस मिलिमीटरांच्या घरात लांबलेला असतो, त्याचे दृष्टिपटल त्या लांबीवर ताणून पातळ झालेले असते, आणि शस्त्रक्रियेनंतर चष्मा नाहीसा झाला तरी ती लांबी व तो ताण तसाच राहतो. पडदा सरकण्याचा धोका आधी होता तेवढाच पुढेही असतो. परंतु चष्मा होता तोवर तो माणूस दर वर्षी नंबर काढावयास जात होता आणि त्या निमित्ताने कोणी तरी त्याच्या डोळ्यात डोकावीत होते. चष्मा गेला, जाणे थांबले. डोळ्यापुढे अचानक चमका दिसू लागल्या, काळे ठिपके तरंगू लागले, कडेने सावली उतरू लागली, तर ‘माझे डोळे तर दुरुस्त झाले आहेत’ या समजुतीने तो मौल्यवान दिवस दवडतो. काचबिंदूचेही तसेच. डोळ्यातील दाब मोजण्याचे नेहमीचे यंत्र पारपटलाची सर्वसाधारण जाडी गृहीत धरून आकडा सांगते. लेसरने पातळ केलेल्या पारपटलावर तो आकडा खऱ्याहून कमी येतो, आणि वाढलेला दाब बिनदिक्कत सुटून जातो. म्हणून पुढे कोणत्याही नेत्रवैद्यापुढे बसताच आपली शस्त्रक्रिया झाली आहे हे विचारण्याआधीच सांगावे.

चाळिशीचा प्रश्न याच पंक्तीत बसतो, आणि तिच्याविषयी जेवढी निराशा होते तेवढी दुसऱ्या कशाविषयीही होत नाही. चाळिशीत नेत्रभिंग ताठर होते. त्याचा पारपटलाशी संबंध नाही आणि म्हणून विशीत केलेल्या लेसरने ते टळतही नाही. उलट ज्याला उणे अडीचचा नंबर आहे त्याला निसर्गाने एक सवलत दिलेली असते: पन्नाशीतही तो चष्मा काढून, वर्तमानपत्र जवळ धरून, बारीक टाईप मजेत वाचतो. लेसर केलेल्याची ही सवलत रद्द होते. चाळीस-बेचाळीसच्या वयात जे चष्मा घालविण्यासाठी जातात त्यांना दूरचा चष्मा देऊन जवळचा विकत घ्यावा लागतो. एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवण्याची तडजोड काहींना मानवते, काहींना त्याने चक्कर येते. शिंप्याने, सोनाराने, पोथी वाचणाऱ्याने या वयात दहादा विचार करावा.

शेवटी दोन व्यावहारिक गोष्टी. साठीनंतर मोतीबिंदू बहुतेकांना गाठतो, आणि तो काढून आत कृत्रिम भिंग बसविताना ते किती शक्तीचे असावे हे पारपटलाच्या वक्रतेवरून काढतात. लेसर झालेल्या पारपटलाची नेहमीची मोजणी फसवी निघते. साध्या सूत्रावर विसंबले तर भिंग कमी शक्तीचे बसते आणि माणूस म्हातारपणी दूरदृष्टी होऊन बसतो. त्यासाठी आता निराळी सूत्रे आहेत, पण लेसरपूर्वीचा नंबर आणि पारपटलाची मूळ मापे हाती असली तर शल्यकाराचे काम पुष्कळ सुकर होते. शस्त्रक्रियेच्या दिवशी मिळालेले ते चार कागद जमिनीच्या सातबाऱ्याइतके जपून ठेवावेत. पंचविशीत त्यांची किंमत कळत नाही आणि पासष्टीत ते शोधून सापडत नाहीत, म्हणून त्यांची एक प्रत घरातील दुसऱ्या कोणापाशी द्यावी. दुसरी गोष्ट नेत्रदानाची. लेसर झालेले पारपटल संपूर्ण जाडीने दुसऱ्याच्या डोळ्यावर बसविता येत नाही, यावरून आपले नेत्रदानच बाद झाले असा समज पसरला आहे. तो बरोबर नाही. सातोंच्या रुग्णांत जो आतला थर मेला तोच थर आज एकटा काढून दुसऱ्याच्या डोळ्यात बसविता येतो, आणि त्यासाठी लेसर झालेले पारपटलही उपयोगी पडू शकते. अर्ज अवश्य भरावा, शस्त्रक्रियेची नोंद घरच्यांना सांगून ठेवावी, आणि निवड नेत्रपेढीने करावी.